व्यक्तिशः ओळखते

दुय्यम निबंधक कार्यालयाच्या जिन्याखाली माझं टेबल.
कॉम्प्युटर, प्रिंटर, शाईचा पॅड, पाण्याची बाटली.
मसुदा तयारच असतो, फक्त नावं बदलायची.
लिहून देणार. लिहून घेणार.
देणारे बहुतेक साठीच्या पुढचे,
घेणारे बाणेर, ठाणे, न्यू जर्सी,
आणि त्यांच्या वतीने आलेला कुलमुखत्यार
दर गुरुवारी तोच.
पेढे आणतो. मला दोन देतो.

आमच्या ओळीतलं घर विकायला आलं
की चतुःसीमेपाशी बोटं अडतात.
पूर्वेस सहा मीटरचा रस्ता.
पश्चिमेस लागून घर.
उत्तरेस नाला, जो पुढे नासर्डीला मिळतो.
दक्षिणेस, परवापरवापर्यंत मी लिहायचे
बंद कारखान्याची भिंत.
आता लिहिते, फाउंड्री हाइट्स, फेज वन.

फाउंड्री तिथं कधीच नव्हती.
अण्णा म्हणतात, ओतकाम अंबडला व्हायचं,
आमच्याकडे नुसतं टर्निंग.

एकतीस वर्षं लेथवर काढली त्यांनी.
मिलिमीटरचा शंभरावा भाग चुकला
तरी अख्खी पेटी परत यायची.
नमुना फ्लॅट बघायला गेलो आम्ही, उगीच,
तर टाय लावलेला मुलगा म्हणाला, नऊशे ऐंशी.
अण्णांनी खिशातून टेप काढली
(ती असतेच, लग्नाला जातानाही),
वाकून वाकून हॉल मोजला, बेडरूम मोजली,
संडासाच्या दारामागची जागासुद्धा.
सहाशे बारा.
“बाकीचा कुठंय?”
काका, त्यात जिना, लिफ्ट, गार्डन, लोडिंग धरतात.
“लोडिंग,” अण्णा म्हणाले, “आम्ही ट्रकमध्ये करायचो.”

गेटपाशी एक जुनं लेथ मशीन उभं केलंय,
सोनेरी रंग मारून, खालून दिवे सोडून.
लोक तिथं पोरांचे फोटो काढतात.
अण्णा बराच वेळ त्याच्यावर हात ठेवून उभे राहिले.
मला वाटलं, आता रडणार.
“टेलस्टॉक उलटा बसवलाय,” म्हणाले
आणि चालू लागले.

श्रमिकनगर हे नाव जाहिरातीत नसतं.
तिथं आम्ही गंगापूर रोडपासून सात मिनिटांवर असतो.
पोपटराव अहिरे सिन्नरला गेले,
शकूरचाचा म्हसरूळला, जावयाकडे,
निर्मलाताई कुठं गेल्या ते नीट कळलंच नाही.
पाणी किती वाजता येणार
हे आता मी कुणाला विचारू?
नव्या लोकांकडे पाणी येत नाही, असतंच.

भाव बरा आला. खोटं कशाला बोलू.
अण्णांचे गुडघे, भावाचं कर्ज,
आणि रात्री दोनपर्यंत चालणारी
सत्ताविसाव्या मजल्याची काँक्रीट पंप.
आम्हीही पेढे घेतले.

नियम असा, की लिहून देणाऱ्याला
ओळखणारे दोघं लागतात.
ते काम मी करते. दोनशे रुपये.
सकाळी अकराला ज्याचं तोंड पहिल्यांदा पाहिलं
त्याच्या नावाखाली सव्वाअकराला सही,
व्यक्तिशः ओळखते.
दिवसाला पंधरा माणसं. कधी वीस.

त्या गुरुवारी टोकन एकेचाळीस.
लिहून देणार: सुपडू निंबा सैंदाणे, वय एकाहत्तर, धंदा –
मसुद्यात तिथं ‘काही नाही’ असतं.
ते पुसून मी ‘टर्नर’ टाइप केलं.
आतल्या बाईंनी मान वर न करता विचारलं,
यांना ओळखतं कोण?
मी म्हटलं, मी.
एरवी सरसर होणारी सही
मला शाळेतल्यासारखी, अक्षर लावून करावी लागली.
पैसे मागायचे राहिले.

बाहेर आल्यावर अण्णांनी चष्मा लावला,
जिन्यावर बसून सगळी चौदा पानं वाचली.
“छान टाइप केलंस.
दक्षिणेस तेवढं चुकलं.”
मग स्वतःच म्हणाले, “असू दे. आता चालतं.”

वर बेचाळीस नंबर पुकारला.
कुणीतरी म्हातारं माणूस पिशवी छातीशी धरून
इकडं तिकडं बघत होतं.
मी पेन घेतलं आणि जिना चढले.